गोळपचा चढ आणि चार घरांच्या पिशव्या

आमच्या आळीच्या गेल्या स्नेहमेळाव्यात निवृत्त व्यायामशिक्षकांनी भाषण केले आणि त्या भाषणात आम्हा सायकलवाल्यांची हकीकत सांगितली. त्यांचे वय झाले आहे, माझेही झाले आहे. परंतु वय झाले म्हणून माणसाला काहीही सांगण्याची मुभा मिळते, असे मी मानत नाही. मी जागेवरच उभा राहिलो. तेव्हा दोघांनी मला खांद्याला धरून खाली बसवले आणि कुणीतरी माझ्या हातात कोकम सरबताचा पेला दिला. सरबत मी प्यालो. मुद्दा सोडला नाही. तो येथे मांडतो.

गुरुजींच्या म्हणण्याप्रमाणे आमचा सायकलींचा सराव बँकेच्या साहेबांनी सुरू केला, गोळपचा चढ सायकलीवरून न उतरता प्रथम त्यांनी चढून दाखवला, आणि मी मत्सरापोटी चार घरांची मासळी रस्त्याकडेला फेकून सायकलवाल्यांची संगत सोडली. यातला मत्सर तेवढा खरा आहे. बाकीचे दुरुस्त करावे लागेल.

ऐंशीच्या दशकातल्या पहिल्या एक-दोन वर्षांची ही गोष्ट. आळीत पहिला टीव्ही यायचा होता. मी भूमापन कार्यालयात नोकरीला होतो, वय चाळिशीच्या अलीकडे. आळीच्या तोंडाशी सायकलदुरुस्तीचे दुकान होते आणि त्याचे मालक, ज्यांना सगळे मिस्त्री म्हणत, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे होते. एके दिवशी त्यांच्या दुकानात मी माझ्या काळ्या सायकलीचे मडगार्ड, कॅरिअर आणि चेनकव्हर काढायला लावले आणि हँडल उलटे बसवून घेतले. मिस्त्रींनी विचारले, सायकलीला सुतक आले आहे काय. मी म्हणालो, हिला हलकी करायची आहे. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या सायकलीचेही तसेच केले. तिसरे गुरुजी आले. हा आरंभ. बँकेचे साहेब रत्नागिरीत येईपर्यंत आमचे टायरांचे दोन जोड झिजले होते.

आठवड्यातून दोनदा आम्ही पहाटे हातखंब्यापर्यंत जाऊन कचेरीच्या वेळेआधी परत येत असू. रविवारी मात्र भाट्याचा पूल ओलांडून, पावसवरून, पूर्णगडपर्यंत. तिघे एकामागोमाग एक चालवायचो. पुढचा वारा फोडी, मागचे दोघे त्याच्या आडोशाने येत. पुढे राहण्याची पाळी एका एस.टी. थांब्यापासून पुढच्या थांब्यापर्यंत. हा नियम माझा. कुणाला तो अडाणी वाटो. पण थांबा जवळ असला की पाळी हलकी आणि सड्याच्या उघड्या माळावर थांबे लांब असले की पाळी जड, म्हणजे ज्याच्या नशिबी जे येईल ते त्याने ओढायचे, यात एक न्याय होता.

सुरुवातीला आळीला हा सगळा प्रकार चेष्टेचा वाटे. संसारी माणसांनी पहाटे अर्ध्या चड्डीत भाट्याकडे पळत सुटायचे, हे शोभत नाही, असे समोरच्या भटजींचे मत होते आणि ते त्यांनी माझ्या वडिलांना येऊन सांगितले. ही चेष्टा मासळीने थांबवली. पूर्णगडला किल्ल्याच्या पायथ्याशी सकाळी होड्या लागत, आणि तिथला बांगडा, सौंदाळा, सुरमई आमच्या बाजारात दुपारी येणाऱ्या मासळीच्या तुलनेत नुकती पाण्यातून काढलेली असे. एका रविवारी मी घरी थोडी सुरमई आणली. पुढच्या शनिवारी संध्याकाळी शेजारच्या काकूंनी आपली पिशवी माझ्या फाटकाला आणून अडकवली. महिन्याभरात माझ्या घरची धरून पाच पिशव्या झाल्या.

त्या काळी प्लॅस्टिकच्या वायरीच्या विणलेल्या पिशव्या घरोघर होत्या. बायका त्या दुपारी ओसरीवर बसून विणत आणि प्रत्येक घरचा रंग वेगळा असे. काकूंची लाल, आमची हिरवी, तिला पांढरी किनार. ती माझ्या पत्नीने विणलेली होती. आत चिठ्ठी असे, तळाला केळीचे पान घातलेले असे. शनिवारी दिवेलागणीला माझ्या फाटकावर या पाच पिशव्या लटकलेल्या दिसल्या की मला जे वाटे ते मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. आळीने मला मानले आहे, याची ती खूण होती.

आणि म्हणून मी दुसरा नियम केला. पिशव्या वाटून घ्यायच्या नाहीत. आपल्यात जो सर्वांत जोरकस, त्याने त्या सगळ्या वाहायच्या. मिस्त्री आणि गुरुजी खुशाल कबूल झाले. ओझे कुणाला नको असते. त्या ओझ्यासकट परतताना पावसनंतरचा गोळपचा चढ मी पायउतार न होता चढत असे आणि वरच्या दगडी गडग्यावर बसून दोघांची वाट पाही. न उतरता तो चढ प्रथम कोण चढला, याचे उत्तर हे आहे. गुरुजी तेव्हा खाली, सायकल हातात धरून, चालत येत असत. भाषणात त्यांना हे आठवले नाही.

पुढे बँकेत कोल्हापूरकडून बदलीवर एक तरुण अधिकारी, भाषणातले साहेब ते हेच, आला आणि आळीच्या टोकाच्या खोलीत राहू लागला. वय पंचवीस-सव्वीस. कॉलेजात असताना शर्यतींत भाग घेतलेला. त्याची सायकल दहा गिअरची होती, निमुळत्या टायरांची, खाली वळलेल्या हँडलाची. ती दुकानात प्रथम आली तेव्हा मिस्त्रींनी तिचे मागचे चाक हाताने फिरवले आणि कान लावून ऐकत राहिले. चाकातून बारीक टकटक आवाज येत होता. मिस्त्री म्हणाले, घड्याळ आहे घड्याळ. माझ्या सायकलीच्या चाकाला त्यांनी कधी कान लावला नव्हता.

त्या आवाजाने माझी झोप नासली. आळीतून तो पहाटे सायकल ढकलत येई तेव्हा मी अंथरुणातच ती टकटक ऐके आणि तो आपल्या आधी तयार झाला, एवढ्याने माझा दिवस कडू होई. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर माझे काम सोपे झाले असते. तो पोरांच्या सायकलींच्या चेन साफ करून देई, काकूंच्या मोलकरणीलाही अहोजाहो करी, मला दादा म्हणे. गुरुजींना त्याने महिन्याभरात चढावर न उतरता चढायला शिकवले. मी दोन वर्षांत ते केले नव्हते, कारण मला ते शिकवावेसे वाटले नव्हते. हे आता लिहितो.

पाळी बदलायचा माझा नियम त्याने मोडला. मनगटावरचे घड्याळ पाहून, ठरावीक मिनिटांनी पुढच्याने बाजूला व्हायचे, म्हणजे कुणी थकत नाही, असे तो म्हणाला. ते खरे होते. मिस्त्री लगेच हो म्हणाले. मी म्हणालो, थांबे रस्त्यावर आहेत, घड्याळ कोल्हापूरचे आहे. कुणी हसले नाही.

मात्र पिशव्यांच्या नियमाला हात लावायला मी कुणाला तयार नव्हतो, आणि इथेच माझी चूक झाली. पाच घरांची मासळी हँडलला घेऊन गोळपच्या चढावर मी त्याच्या मागे पडू लागलो. पूर्वी ज्या ओझ्याने माझी मान उंच होई, तेच ओझे आता रविवारमागून रविवार मला मागे ओढू लागले. तो चढाच्या पायथ्याशी येऊन माझ्या बरोबरीने चालवी आणि म्हणे, "दादा, द्या की इकडं दोन पिशव्या. मी रिकामाच हाय." मी म्हणे, नको. दिल्या असत्या तर जोरकस कोण, हे आपण होऊन लिहून दिल्यासारखे झाले असते. न देता मी हरत होतो. देऊन मी बाद झालो असतो. मी हरणे पसंत केले, आणि प्रत्येक रविवारी घरी येऊन, ताटात त्याच सुरमईचा तुकडा असताना, न बोलता जेवू लागलो.

एका रविवारी दुपारी जेवायला पत्नीचे भाऊ-भावजय मुलांसह यायचे होते. म्हणजे आमची पिशवी सर्वांत जड होणार होती. त्या दिवशी पहाटे मी फाटकावरून पिशव्या काढल्या तर चारच होत्या. हिरवी नव्हती. पाहुण्यांचा बेत बदलला असेल, असे समजून मी निघालो. भाट्याच्या पुलावर उजाडले. पुढे तो होता, आणि त्याच्या खाली वळलेल्या हँडलाला, पांढऱ्या किनारीची, माझ्या घरची हिरवी पिशवी लटकत होती.

पुलापासून पूर्णगडपर्यंत मी त्या पिशवीवर नजर ठेवून सायकल चालवली. पत्नीला काय सुचवायचे होते, याचे जेवढे अर्थ लागू शकतात तेवढे मी लावले. बाहेरच्या चार घरांनी अजून मला मानावे आणि माझ्या घराने मला सोडावे. बंदरावर त्याने चिठ्ठी काढून कोळणीला वाचून दाखवली. पत्नीचे अक्षर त्याच्या हातात. सुरमई ताजी कशी ओळखायची, हे त्याने मला विचारले. मी सांगितले, आणि चांगली निवडून दिली, कारण ती शेवटी माझ्याच घरी जायची होती.

परतताना पावसला मिस्त्रींच्या चाकाला पंक्चर झाले. गुरुजी त्यांच्याबरोबर थांबले आणि आम्हा दोघांना म्हणाले, तुम्ही पुढे व्हा, मासळी आहे. असे आम्ही दोघेच गोळपच्या चढाच्या पायथ्याशी आलो. तो थोडा पुढे होता. तिथे रस्त्याकडेला एक काजूचे झाड होते, त्याची एक फांदी खाली आलेली. मी थांबलो, चारही पिशव्या हँडलवरून काढल्या, त्या फांदीला नीट अडकवल्या आणि पुन्हा सायकलीवर बसलो. फेकल्या नाहीत. अडकवल्या. वर जाऊन परत खाली येऊन त्या घ्यायच्या, हे मी ठरवले होते.

तो चढ मी कसा चढलो ते वर्णन करण्याजोगे नाही. मला त्यातले फार आठवतही नाही. जांभ्या दगडाची तांबडी दरड उजव्या हाताला होती आणि हिरवी पिशवी माझ्या पुढे हलत होती, एवढे आठवते. शेवटच्या वळणाआधी मी तिला गाठले आणि मागे टाकले. वर सड्यावर मी त्याच्या पुढे होतो, दोन सायकलींच्या लांबीने. जन्मभर जमीन मोजलेल्या माणसाला दोन सायकलींची लांबी कळते.

तो सायकलीवरून उतरला, वाकून श्वास घेतला आणि म्हणाला, "दादा, आज तुम्हाला गाठता आलं न्हाई." मग माझ्या रिकाम्या हँडलाकडे त्याचे लक्ष गेले. मासळी उन्हात नको म्हणून तो पुढे निघून गेला.

मी त्याच वेळी खाली जायला हवे होते. गेलो नाही. गुरुजी आणि मिस्त्री येतील, मला गडग्यावर एकट्याला बसलेला पाहतील, आणि वर कोण आधी आला हे न सांगता त्यांना कळेल, यासाठी मी बसून राहिलो. अर्धा तास असेल, जास्तही असेल. ते दोघे वर आले. मिस्त्रींनी पाय टेकला, माझ्या हँडलाकडे पाहिले आणि विचारले, "पिशव्या कुठं हायत?"

दुसरे काही त्यांनी विचारलेच नाही.

मी खाली गेलो. वायरीच्या पिशवीची वीण मोकळी असते. तिच्या भोकांतून चोच सहज आत जाते. फांदीवर, फांदीखाली, रस्त्यावर कावळे होते. दोन घारी वर फिरत होत्या. लाल पिशवी खाली पडली होती आणि एक कुत्रे तिच्यात तोंड घालून उभे होते. मी जे काही उरले ते गोळा केले नाही. पिशव्या झटकून घेतल्या आणि चढ पुन्हा चढलो. गुरुजी म्हणतात, चढावर मी मासळी फेकली. ते तेव्हा वर गडग्यावर बसून बिडी ओढत होते; त्यांनी खाली काय झाले ते पाहिलेले नाही.

आळीत शिरलो तेव्हा काकू फाटकातच उभ्या होत्या. मी रिकामी पिशवी त्यांच्या हातात दिली आणि शर्यत लागली होती, असे काहीतरी पुटपुटलो. काकूंनी पिशवीच्या आत वाकून पाहिले. "तुझी शर्यत तुला लखलाभ रे बाबा. मी नारळ खवून, वाटण करून बसलेय, आता त्यात काय तुझी सायकल घालू?" आणखी तीन फाटकांवर मी तसाच उभा राहिलो. त्या रविवारी पाच घरांपैकी मासळी आली ती एकाच घरी, माझ्या. आणि ती त्याने आणली होती.

पत्नीने सुरमईचे कालवण केले, चार वाट्यांत घातले आणि चारही घरी स्वतः नेऊन दिले. पाहुण्यांच्या पानात आमसुलाची कढी आणि बटाट्याची भाजी गेली. ते जेवून लवंडले तेव्हा मी तिला विचारले, पिशवी त्याला का दिली.

"तुमचं ओझं कमी व्हावं म्हणून," ती म्हणाली. "किती रविवार झाले, तुम्ही जेवताना बोलत नाही. एक सगळ्यांत जड कमी झाली तर वर आधी पोचाल, असं वाटलं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही दिली असतीत?"

नसती दिली. मी उठून मागील दारी सायकल धुवायला गेलो. ती विचारील असे मला वाटत होते. म्हणजे वर आधी कोण पोचले, ते. मी स्वतःहून सांगणार नव्हतो. चार घरांच्या चुली मासळीवाचून ठेवलेल्या माणसाने ते कोणत्या तोंडाने सांगायचे.

संध्याकाळी तो पुढच्या दारी आला. वाटीभर कालवण त्यालाही गेले होते, ती वाटी परत द्यायला. मी मागच्या दारी होतो आणि मला दोघांचे बोलणे ऐकू येत होते. तिने त्याला विचारले. मला नाही, त्याला. तो म्हणाला, "दादा पोचले, वहिनी. दोन सायकली पुढं. मी जोर लावला, पण न्हाई जमलं."

ती म्हणाली, "त्यांना बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत?"

"खोटं कशाला सांगू," तो म्हणाला.

त्याच्या हँडलाला माझ्या घरची, सर्वांत जड पिशवी होती आणि माझे हँडल मोकळे होते, हे तो बोलला नाही. बोलला असता तर मला त्याचा राग धरता आला असता. मी जिंकल्याची बातमी माझ्या घरात त्याच्या तोंडून आली, आणि तिने ती खरी मानली ती त्याच्या शब्दावर. पुढे त्याने आळीत सगळ्यांना हेच सांगितले. त्याचा परिणाम असा झाला की, माझा विजय कुणी लक्षात ठेवला नाही. स्वतःची हार कबूल करणारा त्याचा मोठेपणा मात्र सर्वांच्या तोंडी झाला. परवाच्या भाषणात गुरुजींनीही तो दाखला दिला, साहेबांच्या विनयाचा म्हणून. तो विनय नव्हता. मी खरोखर पुढे होतो. माझ्या हातात ओझे नव्हते आणि त्याच्या होते, हेही खरे आहे. त्याच्या सायकलीला दहा गिअर होते आणि माझ्या सायकलीला एकही नव्हता, हेही खरे आहे. ज्यांना वजावट करायची त्यांनी दोन्हींची करावी.

राहिली संगत सोडल्याची गोष्ट. पुढच्या शनिवारी दिवेलागणीला मी फाटकाशी उभा होतो. काकू लाल पिशवी घेऊन घरातून निघाल्या, माझ्यासमोरून गेल्या आणि आळीच्या टोकाला जाऊन त्याच्या दाराला ती अडकवून आल्या. मागोमाग बाकीच्या तीन पिशव्याही तिकडे गेल्या. नियम माझाच होता, जो जोरकस त्याने वाहायच्या. आळीने त्याचा निकाल आपल्या परीने लावला. माझे फाटक मोकळे राहिले. मी घरात आलो आणि त्या क्षणी खरोखरच ठरवले की उद्यापासून जायचे नाही. गुरुजींचे म्हणणे तेवढ्या एका रात्रीपुरते खरे आहे.

पहाटे टकटक ऐकू आली तसा मी सवयीने उठलो. पडवीत सायकल उभी होती. तिच्या हँडलाला हिरवी पिशवी अडकवलेली होती, तळाला केळीचे पान घातलेली. चिठ्ठीत लिहिले होते, जे ताजे मिळेल ते. पत्नी आत चूल पेटवत होती. तिने वळून पाहिले नाही.

मी गेलो. त्यानंतर दोन वर्षांनी त्याची बदली झाली, मिस्त्रींनी दुकान मुलाकडे दिले, गुरुजींनी स्कूटर घेतली. मी माझे गुडघे जाईपर्यंत रविवारी पूर्णगडला जात राहिलो. तेव्हा संगत कोणी सोडली, ते वाचकांनी ठरवावे.

हिरवी पिशवी हँडलाला सापडली त्या रविवारी परतताना त्याच्याकडे चार पिशव्या होत्या आणि माझ्याकडे एक. गोळपच्या चढाशी तो नेहमीप्रमाणे माझ्या बरोबरीला आला. त्याने या खेपेस काही मागितले नाही, आणि मीही काही देऊ केले नाही. मी माझी पिशवी हलणार नाही, पान सरकणार नाही, अशा बेताने चढलो. वर आधी कोण पोचला ते मला ठाऊक आहे. त्याविषयी माझी तक्रार नाही.